तुकाराम ओंबळे यांचा पुतळा कुठे आहे, आणि मुलांना तिथे नेऊन काय सांगावं?

गिरगाव चौपाटीपाशी, ते जिथे पडले त्याच परिसरात. चर्नी रोडला उतरून चालत जा.

मुलांना त्यांच्या हातांबद्दल सांगा. सहायक फौजदार ओंबळे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री नाकाबंदीवर होते, जवळ फक्त लाठी. कसाबच्या एके-४७ ची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या पोटात शिरल्या, तरी पकड सोडली नाही. म्हणून तो जिवंत सापडला, खटला उभा राहिला. मला आजही हे सांगताना गळा दाटतो.

सातारा जिल्ह्यातल्या केडंबेचे हे सुपुत्र, आधी सैन्यात होते. २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आणि हो, ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका कोळ्याच्या प्रजातीला २०२१ मध्ये त्यांचं नाव दिलंय, ‘आयसियस तुकारामी’. मुलांना हे फार आवडतं.