कोल्ड स्टोरेजमध्ये वायफायसाठी महागातला आयपी ६७ ॲक्सेस पॉइंट घ्यावा की साधा चालेल?

आयपी ६७ घेतला की काळजी मिटली, असं तुम्हाला ज्यानं सांगितलंय त्यानं कोल्ड स्टोरेज बाहेरूनच बघितलं असणार. आयपी म्हणजे धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा, त्यातला ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी आत पाणी जात नाही. तुमच्या खोलीत कोण बुडवायला बसलंय? तिथं पाणी डब्याच्या, म्हणजे वायफाय सोडणाऱ्या त्या ॲक्सेस पॉइंटच्या, आतच तयार होतं.

बेळगावजवळच्या एका बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजचं वायरिंग आमचं. वायफायचा सल्लागार मात्र पुण्याहून आणलेला. डबे भारीतले, उणे ४० पर्यंत चालणारे. पहिल्याच पावसाळ्यात एकेक मान टाकायला लागला. पोरं हातात स्कॅनर घेऊन दाराशी येऊन उभी राहायची, तिथं तेवढी रेंज. सल्लागार आले आणि मालकांसमोर म्हणाले, "लोकल वायरमनचं काम, दुसरं काय!"

मी शिडी लावली, एक डबा उतरवला आणि तिथंच टेबलावर उघडला. लॅनच्या पिना हिरव्या पडलेल्या, तळाला चमचाभर पाणी. झाकणाचं रबर मात्र शाबूत. पाणी आलं होतं केबलच्या पाइपातनं. पाइपचं एक तोंड बाहेर लोडिंग शेडमध्ये, जुलैच्या दमट हवेत, दुसरं थेट ३ अंशाच्या खोलीतल्या डब्यात. ती हवा आत ओढली जाते आणि ताकाच्या गार तांब्याला घाम फुटावा तसं पाणी सुटतं, फक्त आतल्या अंगानं. पाइपची तोंडं सीलंटनं बुजवायची बाब माझ्या एस्टिमेटमध्ये होती. ती कुणाच्या पेननं खोडली गेली, तो कागद अजून माझ्या फायलीत आहे. सल्लागार चहा घेऊन निघून गेले.

हां, तर तुमचं. केबल खालच्या बाजूनं डब्यात घ्या आणि आधी तिला झोल द्या. दाराच्या डोक्यावर किंवा कूलरच्या पंख्यासमोर डबा नको. अमोनियाचा प्लांट असेल तर पितळी ग्लँड (केबल डब्यात शिरते तिथं तिला घट्ट धरणारी पकड) लावूच नका, अमोनिया आणि ओल मिळून पितळ खातात, नायलॉनचे बघा. पीओई स्विच (लॅनच्या केबलमधूनच डब्याला वीज देणारा) यूपीएसवर घ्या, कारण चालू डबा स्वतःच्या उबेनं कोरडा राहतो. लाइट गेली की तो गार पडतो आणि दार उघडलं की ओला होतो.

बाहेर डबा लावून आत रेंज येईल ही आशा सोडा, खोलीच्या भिंतीच्या पफ पॅनेलला दोन्हीकडून पत्रा असतो. रिकाम्या खोलीत टेस्टिंग करून 'ओके' म्हणणाऱ्याला बिल देऊ नका. बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी, पोती वरपर्यंत लागली की सिग्नल पार बसतो.

एवढं बोललो म्हणून ऑफिसातला साधा डबा आणून लावू नका हं. त्याच्या डेटाशीटवर बहुतेक वेळा ० ते ४० अंश आणि आर्द्रतेपुढं 'नॉन-कंडेन्सिंग' असं लिहिलेलं असतं, म्हणजे आत दव धरलं की कंपनी हात वर करायला मोकळी. आइस्क्रीमच्या उणे २० च्या खोलीला तर आउटडोअरचाच लागतो. कंपनी तुमच्या बजेटप्रमाणं ठरवा. फक्त सल्लागाराला ॲडव्हान्स देण्याआधी पाइप कोण बुजवणार ते त्याच्याच सहीनं लिहून घ्या.