खारेपाटातली शेती कशी चालते आणि चरीचा संप इतकी वर्षं कसा टिकला?

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण माझ्या मते दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे: बांधावर.

अलिबाग-पेणच्या खारेपाटात आमची भातशेती मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे. खाडी आणि शेत यांच्यामध्ये चिखलमातीचा बांध आणि त्याला जागोजाग उघाड्या, म्हणजे पाणी सोडायची झडपेची दारं. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी उघाडीची झडप ढकलून बाहेर पडतं, भरतीला खाडीच्या दाबाने तीच झडप मिटते. पहिल्या पावसांनी जमिनीतलं मीठ धुपलं की मोड आलेलं बी फेकायचं, त्याला रहू म्हणतात. उधाणाला कुठे खांड गेली, म्हणजे बांध फुटला, तर आसपासच्या सगळ्यांचंच भात जातं, आणि पुढची दोन-तीन वर्षं जमीन धड पिकत नाही. त्यामुळे खांड पडली की घरटी माणूस धावायचा. भाऊबंदकीचे तंटे तेवढ्यापुरते तहकूब! (नंतर ते जोमाने सुरू व्हायचे, तो भाग वेगळा.)

बांधावर घाम कुळांचा, जमीन मात्र खोत-सावकारांची, आणि निम्मं पीक त्यांच्या कणगीत. 27 ऑक्टोबर 1933 रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी सभा झाली. शेतकरी नेते नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने 25 गावांनी जमिनी न कसण्याचं ठरवलं, आणि 1939 पर्यंत ते पाळलं. खाडीची मासळी, डोंगरातला लाकूडफाटा, मिळेल ती मजुरी, यावर घरं चालली. चार कुळांनी गुपचूप नांगर धरला असता तरी संप मोडला असता. पण शेजाऱ्याने हात आखडला तर आपलंही बुडतं, हे या लोकांना बांधाने आधीच शिकवलं होतं. डॉ. आंबेडकरांनी संपाला पाठिंबा दिला आणि 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने गेली ती 1949 मध्ये.

आता बांध सरकारी खात्याकडे, पोरं कंपन्यांत. खांडी वेळेवर बुजत नाहीत, आत खारं पाणी खेळतं आणि कांदळवन, म्हणजे तिवरांचं रान, माजतं. ते तोडायला बंदी आहे. तिवरं किनारा राखतात हे मलाही पटतं, पण सातबाऱ्यावर भातशेती असलेल्या माणसाला भरपाई कोण देणार, याचं उत्तर कुणी देत नाही.

बघायला यायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास या. भरती चढायच्या आधीच उघाडीपाशी जाऊन थांबा. चपला मात्र हातात घ्याव्या लागतील.