वाईला मित्राकडे दोन दिवस जातोय, मधल्या एका दिवसात निवांत काय बघता येईल?

तुम्ही लिहिलंय की बरोबर सहा वर्षांची मुलगी आहे, हातात एकच पूर्ण दिवस आहे आणि "तेवढ्यात पाचगणी-महाबळेश्वर उरकून यावं का?" उरकायचंच असेल तर जा, पण मी म्हणेन, नका जाऊ. माझा कॉलेजातला मित्र वाईचा, त्यामुळे वर्षाआड तरी माझी तिकडे फेरी असते. एकदा जोडून सुट्टी आलेली असताना आम्ही हौसेनं वर निघालो आणि पसरणीच्या घाटात अडकलो ते अडकलोच. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेवरचं स्टिकर मला अजून पाठ आहे. टेबललँडवर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि मुलं झोपली होती. त्यानंतर वाईला गेलो की वाईतच राहायचं, असं ठरवून टाकलंय.

सकाळी लवकर मेणवली करा. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. गाव नाना फडणवीसांना १७६८ साली इनाम मिळालं, मग त्यांनी तिथे वाडा आणि घाट बांधला. मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक ज्याला मेणवली दप्तर म्हणतात, ते कागद इथलेच. वाडा नानांच्या वंशजांकडे आहे, आत जेवढं बघू देतील तेवढं बघा. मला स्वतःला वाड्यापेक्षा मागचा घाट आवडतो. पायऱ्या चंद्रकोरीसारख्या वळत पाण्यात उतरतात. आपण फोटो काढत असतो आणि शेजारी गावातल्या बायका धुणं आपटत असतात, त्यांना आपलं काही पडलेलं नसतं.

घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एका छोट्या बांधकामात मोठी घंटा टांगलेली आहे. ती मात्र जवळ जाऊन, डोकं वर करून बघा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा लूट म्हणून देशावर आल्या आणि देवळांत लागल्या, त्यातली ही एक. माझ्या भाचीनं विचारलं होतं, "मामा, महादेवाच्या घंटेवर ही बाई कोण?" तुमची मुलगीही विचारेल, उत्तर तयार ठेवा.

उन्हं चढायच्या आत परत या आणि गणपती आळीतल्या घाटावर ढोल्या गणपती गाठा. हे देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच रास्त्यांच्या घरातल्या. मूर्ती प्रचंड आहे, नावावरून कळतंच. पण दर्शन झाल्यावर बहुतेक लोक चपला घालून निघतात आणि देवळाची पाठ बघायची राहून जाते. मागची भिंत माशासारखी निमुळती केलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर फुटून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. हे कळल्यापासून मी आधी मागे जातो, मग गाभाऱ्यात.

दुपारी जेवून झोपा. हे मी गमतीनं म्हणत नाही. मित्राकडे गेल्यावर काकूंनी वाढलेलं जेवण अर्धवट टाकून "अजून दोन स्पॉट राहिलेत" म्हणत उठणारा पाहुणा कुणालाच आवडत नाही. वाचनाची आवड असेल तर एवढं लक्षात असू द्या की तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच गावात राहून मराठी विश्वकोशाचं काम करायचे. पहिला खंड १९७६ साली आला. विश्वकोशाचं कार्यालय आजही वाईत आहे. बघण्यासारखं तिथे काही नाही, पण मी प्रत्येक वेळी त्या बाजूनं एक चक्कर मारतो.

चारनंतर वाटलं तर धोम गाव. तिथल्या देवळासमोर दगडी कुंडात कासवाच्या पाठीवर नंदी बसवलाय. कुंडात पाणी असलं तर कासव नंदीला घेऊन पोहत निघालंय असं वाटतं. कोरडं असलं तर ती गंमत नाही, तेव्हा निघण्याआधी मित्राला कुणाला तरी फोन करून विचारायला सांगा. कंटाळा आला असेल तर धोमही सोडा आणि संध्याकाळी नुसते घाटावर जाऊन बसा. इथे जवळपास प्रत्येक आळीला आपापला घाट आहे, आणि थंडी सरताना आळीआळीत कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव असतो. नेमके त्या दिवसांत जात असाल तर मी वर सांगितलेलं सगळं बाजूला ठेवा आणि मित्र नेईल तिकडे जा.

आणि हळद. वाईची हळद प्रसिद्ध, म्हणून गेल्या खेपेला मी बाजारातून अर्धा किलो घेतली. निघताना काकूंनी आधीच डब्यात भरून ठेवलेली हळद पुढे केली आणि माझ्या हातातली पिशवी बघून म्हणाल्या, "विकत कशाला आणलीस रे?" तेव्हा आधी घरात विचारा, मग बाजारात जा.