पोहता येत नाही आणि समुद्रातली जहाजं शोधायचीत

परळच्या ताई, पत्र वाचलं. लेक बारावी आर्ट्सला, समुद्राखालचं पुरातत्त्व करायचं म्हणते, पोहता येत नाही, तुम्हाला जिवाची आणि पगाराची काळजी, आणि तिचे बाबा म्हणतात आधी स्कूबाचा कोर्स लावून टाकू. स्कूबा राहू दे हो, आधी पुरातत्त्व.

जॉर्ज बास म्हणून अमेरिकन होता, या विषयाचा पाया घालणाऱ्यांतला. १९६० साली तुर्कस्तानात केप गेलिडोन्याला तीन हजार वर्षांहून जुनं बुडालेलं जहाज खणायचं ठरलं तेव्हा हा युनिव्हर्सिटीत शिकत होता आणि डायव्हिंग येत नव्हतं, जायच्या आधी घाईघाईत शिकला. तोवर काय व्हायचं, डायव्हर खाली जाऊन वस्तू उचलून आणायचे आणि अभ्यासक वर बोटीत बसून, मग कुठली वस्तू कशाच्या शेजारी पडली होती हेच कळायचं नाही, आणि खरा इतिहास तर त्यातच असतो ना! पुढे तुर्कस्तानातच उलुबुरुनला, दुसऱ्या एका बुडालेल्या जहाजात, त्याच्या टीमला साधारण १० टन तांबं आणि १ टन कथील मिळालं, म्हणजे कांसं ओतायला लागतं बरोब्बर त्याच प्रमाणात. हे ओळखायला डोकं लागतं, ऑक्सिजनचं नळकांडं नाही. (तसंही त्यात साधी हवाच असते.)

जिवाचं म्हणाल तर उलुबुरुनला ४४ मीटरच्या खाली काम, पण एका वेळी जेमतेम २० मिनिटं, दिवसाला दोनदाच, त्यामुळे १९८४ ते १९९४ इतकी वर्षं लागली. घाई करणाऱ्याचं हे कामच नाही.

आपल्याकडे पुरातत्त्वज्ञ एस. आर. रावांनीही आधी गुजरातेतलं हडप्पाकालीन लोथल खणलं, जमिनीवर, समुद्रातली द्वारका पुढे वयाच्या साठीच्या आसपास.

पगाराचं खरं सांगते, जागा मोजक्या. गोव्याची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था), एएसआयची (भारतीय पुरातत्त्व खात्याची) अंडरवॉटर विंग, बस. म्हणून म्युझियम, कॉन्झर्व्हेशन हे दरवाजे उघडे ठेवायचे, पाण्यातून काढलेलं लाकूड नीट न सांभाळता वाळू दिलं की आक्रसतं, तडकतं, ते वाचवणारी माणसं लागतातच.

आत्ता झेवियर्स किंवा साठ्येला एन्शंट इंडियन कल्चर घेऊन बीए, मग पुण्याला डेक्कन कॉलेजात एमए. पोहणं शिवाजी पार्कच्या महापालिकेच्या तलावात शिकू दे, स्कूबा नंतर तारकर्लीला होईल. बाबांना सांगा, ते पैसे बाजूला ठेवा, पुण्याच्या होस्टेलला लागतील.