अर्थप्रश्न : अमेरिकेतील व्याजदर आणि काटोलचा संत्रा

प्रश्न : काटोलजवळ आमचा वडिलोपार्जित संत्र्याचा बगीचा आहे. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवल्यापासून आंबिया बहाराचा सौदा करायला येणारे व्यापारी पूर्वीसारखा भाव देत नाहीत. याचा जागतिक अर्थव्यवस्थेशी काही संबंध आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : संबंध आहे, आणि तो मंदीपेक्षा डॉलरशी अधिक आहे. महागाई आवरण्यासाठी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने (तिथल्या मध्यवर्ती बँकेने) मार्च २०२२ पासून व्याजदर वाढवायला सुरुवात केली आणि जवळजवळ शून्यावर असलेला दर जुलै २०२३ पर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला. सर्वांत सुरक्षित मानल्या जाणाऱ्या अमेरिकी रोख्यांवरच एवढे व्याज मिळू लागल्यावर उदयोन्मुख देशांतील पैसा तिकडे वळला आणि त्यांची चलने घसरली. त्यातच युक्रेन युद्धामुळे तेल, वायू आणि खते महागल्याने आयातीचा खर्चही वाढला. बांगलादेशाची परकीय चलनाची गंगाजळी ऑगस्ट २०२१ मध्ये सुमारे ४८ अब्ज डॉलर होती. २०२३ अखेर, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अधिक कडक हिशेबपद्धतीने, ती २२ अब्जांच्या आसपास उरली होती.

डॉलर वाचवायची वेळ आली की सरकारे सहसा तेल आणि खते थांबवत नाहीत, फळे थांबवतात. मे २०२२ मध्ये बांगलादेशाने फळांसह शंभराहून अधिक वस्तूंवर नियामक शुल्क, म्हणजे आयातीला आवर घालणारे जादा शुल्क, लावले. संत्र्यावरील शुल्क २०१९ पासूनच चढत होते, त्यामुळे सगळा दोष डॉलरटंचाईला देता येणार नाही. परंतु २०२३ मध्ये ते किलोमागे ८८ टका (बांगलादेशी चलन) इतके झाले, तेव्हा ते खाली आणण्याची ढाक्याची ऐपतच उरली नव्हती. तुमचा व्यापारी बगीच्यात येऊन झाडावरचा माल पाहतो आणि भाव सांगतो, त्या भावातून हे शुल्क आधीच वजा झालेले असते. आपल्याकडे याची चर्चा केवळ शुल्क कमी करून घेण्यापुरती होते, याचे मला मनापासून वाईट वाटते. एकाच परदेशी गिऱ्हाइकावर विसंबलेला माल त्या गिऱ्हाइकाच्या गंगाजळीवरही विसंबलेला असतो, आणि प्रक्रिया उद्योग उभे राहिल्याशिवाय ही जोखीम बागाईतदाराच्याच माथी राहणार आहे.

प्रश्न : भारताची अवस्था श्रीलंकेसारखी होऊ शकते का? मुलीला शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवायचे आहे, म्हणून विचारतो. (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : तशी शक्यता मला दिसत नाही. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जाची परतफेड थांबवली, कारण कर्जाचा मोठा भाग डॉलरमध्ये होता आणि डॉलर संपले होते. भारत सरकारचे बहुतांश कर्ज रुपयांत आणि देशांतर्गत बँका, विमा कंपन्या यांच्याकडून घेतलेले आहे. शिवाय २०२४ मध्ये आपली गंगाजळी ६०० अब्ज डॉलरांहून अधिक होती.

तुमची जोखीम वेगळी आहे, ती विनिमयदराची. २०१३ च्या मे महिन्यात फेडरल रिझर्व्हने रोखे विकत घेऊन बाजारात डॉलर ओतणे कमी करण्याचे नुसते सूतोवाच केले आणि सुमारे ५५ रुपयांना मिळणारा डॉलर ऑगस्टअखेर ६८ च्या पुढे गेला. वीस हजार डॉलरची फी अकरा लाखांवरून साडेतेरा लाखांवर गेली, तीही चार महिन्यांच्या आत. शैक्षणिक कर्ज मंजूर करून घेताना आजच्या दराने हिशेब करू नका, दहा-पंधरा टक्के अधिक धरा, आणि फीचा पहिला हप्ता भरण्यापुरती रक्कम शेअर बाजारात न ठेवता मुदत ठेवीत ठेवा.