मिशनच्या नावाने घेतलेली पॉलिसी मिशनला पोचेलच असं नाही

प्रश्न: माझं वय ५७, पत्नीचं ५३. तीन वर्षांनी निवृत्त होईन. म्यानमारच्या चिन राज्यात छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांसाठी दशमांशापलीकडे (मंडळीला, म्हणजे चर्चला, द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शापलीकडे) काही द्यावं, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. ८ लाखांची एफडी मोडून तिथल्या एका पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) एकरकमी पाठवायची आहे. बँकेतून पाठवू की ओळखीच्या हुंडीवाल्याकडून (बँकेबाहेर पैसे पोचवणाऱ्याकडून)? तो जवळजवळ दुप्पट दर देतो. करसवलत मिळेल का? शिवाय मंडळीतल्याच एजंटच्या सल्ल्याने दोन वर्षं, वर्षाला ३ लाखांची युलिप (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) भरतोय. दहा हप्ते, मुदत ९९व्या वर्षापर्यंत, मध्ये काढायची नाही, माझ्या पश्चात सगळे पैसे मिशनला. या ८ लाखांसह एफडी ३० लाख आहेत. पीएफ-ग्रॅच्युइटीचे २८ लाख येतील. घर स्वतःचं. खर्च महिना ४५ हजार. मला मधुमेह आहे, आरोग्यविमा कंपनीचाच आहे.

उत्तर: हुंडी नको. दर दुप्पट का, तर म्यानमारमध्ये सरकारी दर डॉलरला २,१०० क्यातवर (क्यात हे तिथलं चलन) बांधलेला आहे आणि बाजारभाव त्याच्या कितीतरी वर. पण हुंडीने पैसे बाहेर पाठवणं हे फेमाचं (परकीय चलन कायद्याचं) उल्लंघन आहे आणि दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. म्हणजे ८ लाखांवर २४ लाख. बँकेतून धर्मादाय देणगी म्हणून पाठवता येते, त्यासाठी ए-२ फॉर्म भरावा लागतो. १० लाखांपर्यंत टीसीएसही (बँक आगाऊ वसूल करते तो कर) नाही. मात्र ऑक्टोबर २०२२ पासून म्यानमार एफएटीएफच्या (काळ्या पैशांच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) काळ्या यादीत आहे, त्यामुळे बँक जास्तीचे कागद मागेल, कदाचित नकारही देईल. तिथल्या खात्यांवर लष्कराची नजर असते. एका पाळकांच्या खात्यात परदेशातून एकदम मोठी रक्कम दिसली तर अडचणीत तेच येतील. परदेशी दिलेल्या देणगीवर करसवलत नाही.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे येतो, कारण खरं नुकसान तिथे आहे. ती युलिप.

पॉलिसीचा कागद काढा आणि नॉमिनीचा रकाना वाचा. तिथे बहुधा संस्थेच्या एखाद्या पदाधिकाऱ्याचं वैयक्तिक नाव असेल. विमा कायद्याच्या कलम ३९ नुसार आईवडील, पती-पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील तरच रक्कम त्यांची होते. बाकी कुणी नॉमिनी असेल तर तो फक्त रक्कम स्वीकारतो, तिच्यावर हक्क वारसांचा. म्हणजे तुमच्या मागे पत्नीला स्वतःच्या हक्कासाठी संस्थेच्या माणसाशी भांडावं लागेल किंवा हक्क सोडून द्यावा लागेल. एजंटने हे सांगितलं नाही. वर्षाला अडीच लाखांपेक्षा जास्त हप्ता असलेल्या नव्या युलिपच्या, जिवंतपणी मिळणाऱ्या परताव्यावर कर लागतो, हेही त्याने सांगितलेलं दिसत नाही. शिवाय मॉर्टॅलिटी चार्ज (विमा संरक्षणाचं शुल्क) वयाबरोबर चढत जातो आणि तो तुमच्याच युनिट्समधून कापला जातो. देण्याची इच्छा असलेल्या माणसाला, त्याच इच्छेचा आधार घेऊन, साठीच्या उंबरठ्यावर दहा हप्त्यांत बांधणं हे चूकच आहे. विकणारा मंडळीतला आहे म्हणून ते बरोबर ठरत नाही.

हिशेब पाहा. हातात ५८ लाख येतील. त्यातून ८ लाख गेले. निवृत्तीनंतरचे पाच हप्ते १५ लाख. उरले ३५. खर्च वर्षाला ५.४ लाख, आणि व्याज महागाईतच जाईल असं धरा. साडेसहा वर्षांत पैसे संपले. तेव्हा तुमची पत्नी ६२-६३ची असेल.

तिसरा हप्ता भरू नका. या टप्प्यावर बंद करण्याचं शुल्क जास्तीत जास्त ४,००० रुपये आहे. पैसे डिसकंटिन्यूड फंडात (बंद केलेल्या पॉलिसींच्या फंडात) जातील, तिथे किमान ४ टक्के व्याज मिळतं, आणि पाच वर्षं पूर्ण झाल्यावर साधारण ६ लाख हातात येतील. "इतके भरलेत तर आता पूर्ण करा" असं एजंट म्हणेल. भरलेले ६ लाख वाचवायला आणखी २४ लाख भरायचे नसतात.

हप्त्याचे महिना २५ हजार मोकळे झाले. त्यातले ४ हजार आरोग्यविम्याला. दोघांचा १० लाखांचा स्वतंत्र विमा आत्ताच घ्या आणि मधुमेह फॉर्मवर स्पष्ट लिहा. आधीच्या आजारासाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. आज घेतलात तर कंपनीचा विमा संपेल त्या सुमाराला तो पुरा होईल. साठीला अर्ज केलात तर तो सगळा काळ मधुमेहासाठी विम्याविना जाईल. ११ हजार बचतीत टाका. उरलेले १० हजार दर महिन्याला द्या.

कुठे द्यायचे? २०२१ साली चिन राज्यातलं थांतलांग गाव जाळलं गेलं. आग विझवायला धावलेले पाळक कुंग बियाक हुम यांना गोळी घालण्यात आली. तिथून निघालेली चिन कुटुंबं तिआऊ नदी ओलांडून मिझोराममध्ये आली. ती आज भारतात आहेत, म्हणून तिथे पोचणारी मदत देशातलीच आहे: परकीय चलन नाही, हुंडी नाही. मिझोराममध्ये प्रत्यक्ष काम करणारी नोंदणीकृत संस्था निवडा, देणगीवरच्या करसवलतीचं ८०जी प्रमाणपत्र तपासा, पैसे चेकने किंवा यूपीआयने द्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, आणि सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते. "आम्ही सीमेपलीकडे पाठवतो" असं सांगणाऱ्या इथल्या ट्रस्टला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी दाखवायला सांगा. ती नसेल तर परदेशी खर्च केलेल्या पैशांवर ट्रस्टला करमाफी मिळत नाही. मदत घेणाऱ्यांचे फोटो आणि नावं मात्र मागू नका. त्यांचे नातेवाईक अजून पलीकडे आहेत. संस्थेकडून तांदळाची पोती, औषधं, ताडपत्र्या यांचा हिशेब मागा, तेवढं पुरतं.

माणशी महिन्याला १२ किलो तांदूळ आणि किलोला ४० रुपये धरले तर १० हजारांत साधारण वीस जणांचा महिन्याचा तांदूळ येतो. छावणीला दर महिन्याला येणारा पैसा हवा असतो. एकरकमी द्यायचंच असेल तर पावसाळ्याआधी एक लाख द्या. बाकीची एफडी राहू द्या.

एवढं करूनही ५८, बचतीचे ४ आणि युलिपचे ६ मिळून ६८ लाख, म्हणजे साडेबारा वर्षं. हे पुरेसं नाही. निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षं काही उत्पन्न हवं, आणि तोवर देणगी १० हजारांच्या वर नेऊ नका.

मोठी देणगी मृत्युपत्रातून द्या. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ११८ मुळे जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मादाय कामासाठी मालमत्ता देताना मृत्यूच्या किमान बारा महिने आधी मृत्युपत्र करावं लागे. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केलं. आता साध्या मृत्युपत्रात लिहा: पत्नीच्या हयातीत घर आणि शिल्लक तिच्याकडे, तिच्यानंतर ठरवलेला हिस्सा संस्थेला. संस्थेचं नोंदणीतलं नेमकं नाव आणि क्रमांक, ती बंद झाल्यास पर्यायी संस्था, दोन साक्षीदार, एक एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारा). पत्नीचंही मृत्युपत्र त्याच बैठकीत करून घ्या, आणि युलिपवरचा नॉमिनी बदलून तिचं नाव घालण्याचा अर्ज याच आठवड्यात द्या.