क्वार्टर बदलण्याचा प्रस्ताव आणि सह्यांचे निवेदन

प्रश्न : माझे पती नौदलात नाविक असून आम्ही तीन वर्षांपासून वास्को परिसरातील एका संरक्षण वसाहतीत राहतो. येथील जुन्या दुमजली इमारती रिकाम्या करून सर्व कुटुंबांना दूरच्या बहुमजली इमारतींत हलवण्याचा प्रस्ताव असल्याचे कानावर आले आहे. लेखी मात्र काहीच मिळालेले नाही. ऐन पावसात, चवथीच्या तोंडावर बिऱ्हाड हलवायचे, मुलांच्या शाळेचे आणि बसचे काय, या काळजीने आम्ही चाळीसेक बायका एकत्र आलो आहोत. सह्यांचे निवेदन द्यावे असे ठरत आहे, पण त्यामुळे यजमानांच्या नोकरीवर गदा येईल, असे काहीजणींना वाटते. आम्ही काय करावे?
— एक वाचक, वास्को

उत्तर : ही भीती अगदीच निराधार नाही. संविधानाच्या अनुच्छेद 33 नुसार सशस्त्र दलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते, आणि नौदल अधिनियम, 1957 ने संघटनांत सामील होणे, सभांत भाग घेणे व वृत्तपत्रांकडे जाणे यांवर तशा मर्यादा घातलेल्या आहेत. मात्र त्या आपल्या पतीवर आहेत, आपल्यावर नाहीत. अनुच्छेद 19 चे बोलण्याचे व शांततेने एकत्र येण्याचे स्वातंत्र्य आपल्याला इतर कोणत्याही नागरिकाइतकेच आहे. म्हणून निवेदनावर केवळ पत्नींच्या सह्या असाव्यात आणि पतीचा हुद्दा किंवा सेवा क्रमांक कुठेही लिहू नये. पतींना स्वतःचे गाऱ्हाणे मांडायचे असल्यास त्यांनी ते एकेकट्याने, वरिष्ठांमार्फतच मांडावे.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. क्वार्टर हे भाड्याचे घर नव्हे, तो सेवेशी जोडलेला परवाना आहे. तेथे कितीही वर्षे राहिले तरी भाडेकरूचा हक्क निर्माण होत नाही. वाटप रद्द झाल्यावरही घर न सोडल्यास सार्वजनिक जागांवरील अनधिकृत ताबेदारांना हटवण्याच्या 1971 च्या कायद्याखाली नोटीस येऊ शकते. तेव्हा ‘आम्ही हलणार नाही’ ही भूमिका टिकणारी नाही. स्थलांतर कधी, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या सोयींसह व्हावे, यावरच जोर द्यावा, कारण तेथे आपली बाजू खरोखर भक्कम आहे.

त्यासाठी आधी प्रस्ताव हाती यायला हवा. नौदल माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कक्षेत येते. आपण स्वतःच्या नावाने, 10 रुपये शुल्क भरून अर्ज करू शकता आणि त्यात कारण सांगावे लागत नाही. ‘आम्हाला का हलवता?’ असे विचारल्यास उत्तर बहुधा मिळणार नाही. इमारतींचा तपासणी अहवाल, स्थलांतराचे वेळापत्रक व संबंधित पत्रव्यवहार यांच्या प्रती मागाव्यात. सुरक्षेच्या कारणास्तव काही भाग नाकारला गेला, तरी तो वगळून उरलेला देण्याची तरतूद कलम 10 मध्ये आहे. उत्तर 30 दिवसांत अपेक्षित असते. न आल्यास किंवा असमाधानकारक आल्यास त्यानंतरच्या 30 दिवसांत पहिले अपील करता येते. बाधित व्यक्तींना निर्णयाची कारणे कळवण्याचे कर्तव्य कलम 4 नेच घातलेले असल्याने निवेदनात त्या कलमाचा उल्लेख अवश्य करावा.

आपण व्हॉट्सअ‍ॅप गट केला असल्यास त्याबाबत मात्र फार जपावे. गळक्या छताचा फोटो काढताना मागे कुंपण, धावपट्टी किंवा एखादी इमारत आली आणि तो पुढे पाठवला गेला, तर शासकीय गुपिते अधिनियम, 1923 चा प्रश्न उद्भवू शकतो. वसाहतीचा नकाशा गटावर टाकूच नये. वसाहतीच्या फाटकावर जमण्याचा विचार कोणाच्या मनात असल्यास तोही तूर्त बाजूला ठेवावा. तेथे जमलेल्या बायकांपेक्षा त्यांच्या यजमानांचीच चर्चा अधिक होईल.

निवेदन दोन पानांच्या आत असावे. कोणत्या इयत्तेत किती मुले आहेत, किती कुटुंबांत गरोदर स्त्रिया किंवा आजारी वृद्ध आहेत, नव्या जागेवरून शाळेच्या वेळेला बस आहे की नाही, हे घरोघरी विचारून आकड्यांत लिहावे. मूळ प्रत वसाहतीचे वाटप पाहणाऱ्या कार्यालयाला द्यावी, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय तेथून निघू नये.